विषय : उचित कार्यवाहीबाबत

१

फाइल चोरीला गेली हे आमच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी ठरलं, आणि चोर कोण तेही ठरलं. रेश्मा. का, तर आवक-जावकच्या टेबलावर ती बसते म्हणून. येणारा कागद नोंदून घ्यायचा, जाणारा कागद नोंदून सोडायचा, एवढंच त्या टेबलाचं काम. तिच्या आधी तिथे एकतीस वर्षं मी बसत होते. ऑफिस शहापूर तालुक्याचं, पण कुठल्या खात्याचं ते सांगणार नाही. उगाच आज त्या खुर्च्यांवर बसलेल्यांना शिव्या पडायच्या.

बुधवारी सकाळी रेश्मा शेणव्याला माझ्या घरी आली. मी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होते. पोरगी काखेत कागदांचा गठ्ठा घेऊन आली आणि उभ्यानेच रडायला लागली.

"ताई, मला नोटीस दिलीय. सोमवारपर्यंत फाइल आणा, नायतर सस्पेंड."

"आधी बस गो. पाणी पी. कसली फाइल?"

फाइल करंजवाडीची. करंजवाडी म्हणजे मुरबाडच्या हद्दीतली वीस-बावीस घरांची वाडी. तिच्या अंगाने खैराचा ओहोळ जातो. ओहोळाच्या वरच्या बाजूला, शहापूरच्या हद्दीत, कापडाचे रंग बनवणारा कारखाना आहे. वाडीतली अंजू नावाची दहा वर्षांची पोर पौषात गेली. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडं निकामी झाली, पाण्यातून काहीतरी पोटात जात होतं.

सोमवारी प्रांतसाहेबांपुढे सुनावणी होती. कारखाना म्हणत होता, आमचा पाइप दिवाळीनंतर फुटला, अपघात झाला, लगेच दुरुस्त केला. अंजूची आई गिरजा म्हणत होती, पाणी त्याच्याही आधी कितीतरी महिने नासलेलं होतं, आणि आम्ही गेल्या वर्षी जानेवारीत अर्ज दिलाय. तो अर्ज मिळाला तर कारखान्याचं खोटं उघडं पडणार आणि ओहोळात पाणी सोडणं बंद होणार. नाही मिळाला तर अपघात म्हणून प्रकरण मिटणार, आणि कारखाना तसाच चालू.

"सतरा जानेवारीची आवक आहे रजिस्टरात," रेश्मा म्हणाली.

"असणारच. नोंद माझीच."

"बावीसला तुम्ही तो प्रदूषणाच्या ऑफिसला पाठवलात. ते म्हणतात, आम्ही मार्चमध्ये मूळ कागदासकट पुढे पाठवला. कोणाला, ते त्यांना सापडत नाय. साहेब म्हणतात, पहिली नोंद आपली, तेव्हा जबाबदारी तुझ्याच टेबलाची. आणि ताई, दिवाळीत कारखान्याचा भावेश माझ्या टेबलावर मिठाईचा बॉक्स ठेवून गेला होता. तो सगळ्यांनी बघितला."

"खाल्लास?"

"एक तुकडा. बाकी शिपायांनी संपवला."

मला हसू आलं. मग तिच्या काखेतला गठ्ठा सुटला आणि कागद ओट्यावर पसरले. मी चिडले. म्हटलं, "मी गेल्यापासून ऑफिसात कोणाला धड बांधतासुद्धा येत नाय का?" आणि तिला पुन्हा एकदा दाखवलं. आमच्या घरी भाताचा भारा बांधतात तसं. गाठ मारायचीच नाही. फितीला दोन पीळ द्यायचे आणि टोक उलटं आत खोचायचं. कितीही हलवा, सुटत नाही. ऑफिसात मला त्यावरून खूप चिडवायचे, पण शिकलं कोणी नाही. रेश्मालाही येत नव्हतं.

"माझ्या वेळी कागद हरवला नाय कधी," मी तिला म्हटलं. "एकतीस मेला रिटायर झाले तेव्हा टेबलावर एक चिटोरा शिल्लक नव्हता. साहेबांनी भाषणात सांगितलं, शंभर टक्के निपटारा करून जाणारी ही पहिली बाई."

ते भाषण मी तेव्हा कोणालाही ऐकवायचे. रेश्माने तर चार वेळा ऐकलं असेल. तिने मान हलवली आणि म्हणाली, "म्हणून तर तुमच्याकडे आले."

२

गुरुवारी मी करंजवाडीला गेले. गाडी बाभळीपर्यंत जाते, पुढे पायवाट. ओहोळ ओलांडताना नाकाला पदर लावावा लागला. ओहोळ बीट उकडलेल्या पाण्यासारखा तांबडा होता. पाइप दुरुस्त केला म्हणे! मला तिथेच संताप आला.

गिरजा अंगणात बसली होती. चाळिशीची असेल, दिसत होती साठीची. मी कोण ते सांगितलं. ऑफिसातली म्हटल्यावर तिचा चेहरा बंद झाला.

"तुमच्यातली पोरगी आली होती ना मागं. रडत होती. मी तिला म्हटलं, तू कशाला रडतंस? तुझी अंजू गेली काय?"

मी अंगणातच टेकले. विचारलं, "अर्ज कोणी लिहिला होता?"

"अंजूनीच. मला लिवता येत नाय. तिनी वहीचं पान फाडलं, लिवलं, मी अंगठा दिला. पारडू मेलं होतं आमचं तवा. हातापायाला खाज सुटायची सगळ्यांच्या. इहीर वहळाच्या काठालाच हाय ना बाई, तेच पाणी पाझरतं."

"पोच घेतली होती? शिक्क्याचा कागद?"

"एकच पान होतं. कमळाकर भाऊसाहेब शहापूरला चालले होते, त्यांच्याकडं दिलं. अंजू रोज इचारायची, आई, साहेब कधी येतील? मी म्हणायची, येतील." ती उठली, आत गेली, आणि अंजूची वही घेऊन आली. मधलं एक पान फाडलेलं होतं, त्याची दातेरी कड शिवणीला तशीच होती. "काय लिवलं होतं तिनी, मला वाचून दावायची राहिली. म्हणायची, साहेब आले की सांगीन."

मी वही परत दिली. पानं दोन रेघांची होती, चौथीच्या पोरांच्या वहीला असतात तशी. असा कागद माझ्या टेबलावरून गेला असणार, नोंद माझी होती. मला मात्र आठवेना. दिवसाला साठ-सत्तर कागद यायचे. शिक्का मारताना कागदाचा वरचा कोपरा तेवढा दिसतो.

निघताना गिरजाने विचारलं, "बाई, मिळंल ना तो?"

"मिळेल," मी म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

३

कमळाकर म्हणजे करंजवाडीचा ग्रामसेवक. अर्ज शहापूरला पोचवणारा तो, म्हणजे गायब करायची पहिली संधी त्याची. पण अर्ज आवकला लागला होता, तेव्हा तिथवर तो सुटला. आता मार्चनंतरचं बघायचं होतं.

ग्रामपंचायतीत तो एकटाच होता. मला बघून उभा राहिला, खुर्ची पुसली. "ताई, मी नाय हो घेतली फाइल."

"मी घेतलीस म्हटलं का? प्रदूषणवाल्यांनी मार्चमध्ये कागद कोणाला पाठवला?"

त्याने कपाळाला हात लावला. "मला."

मी खुर्चीत सरसावून बसले.

"नाल्यातली घाण ही गावाच्या स्वच्छतेची बाब आहे, म्हणून ग्रामपंचायतीने बघावं, असं लिहिलं होतं त्यांनी. आता मी काय बघू, ताई? ओहोळाचा काठ माझ्या गावाचा. पाणी पाटबंधाऱ्यांचं. घाण सोडणारा दुसऱ्या तालुक्यात. त्याचा परवाना राज्याच्या मंडळाचा, कायदा दिल्लीचा. विहीर तेवढी माझी. विहिरीत दर आठवड्याला टीसीएल पावडर टाकत होतो मी, आईशप्पथ. पण तिने जंतू मरतात, रंग नाय मरत. पाणी तपासणीला पाठवलं, तर आमच्यासाठी जंतूंचीच तपासणी होते. रिपोर्ट आला, पिण्यास योग्य."

"आणि पोरगी कोणाच्या हद्दीत येत होती, कमळाकर?"

त्याचे डोळे भरले. मी जरा जास्तच बोलले, पण मागे घेतलं नाही.

मग त्याने जावक रजिस्टर काढलं. अकरा एप्रिल. कारखाना आपल्या अधिकारात नाही असं लिहून त्याने मूळ अर्ज जिल्ह्याच्या ऑफिसला पाठवला होता. पोचही होती.

"आणि जिल्ह्याने?"

"काय की. मला काय उत्तर आलं नाय. पण ताई, ह्या सगळ्याची प्रत कारखान्याला जात होती. माहितीसाठी म्हणून. तुम्हाला बघायचंच असेल तर पूर्ण संच एकाच माणसाकडे सापडेल."

"कोणाकडे?"

"भावेशकडे."

४

भावेश वाशिंदला बसतो, कारखान्याचं ऑफिस तिथे आहे. तीस-बत्तीसचा, बोलायला गोड. शुक्रवारी सकाळी मी त्याच्यापुढे जाऊन बसले आणि सरळ विचारलं, "रेश्माला मिठाई कशासाठी दिलीस?"

"मॅडम, दिवाळीत मी तालुक्यातल्या प्रत्येक टेबलावर बॉक्स ठेवतो. पोलिसपाटलापासून पोस्टमनपर्यंत. तिला वेगळं काय दिलं?"

"फाइल गेल्याने फायदा तुझाच आहे."

तो हसला. त्याला राग आला होता, पण हसून बोलायची सवय त्याची. "मॅडम, फाइल चोरायला माणूस लागतो, धोका लागतो. आम्हाला त्याची गरजच नाय. आम्ही फक्त वाट बघतो. कागद फिरत राहतो ना. ह्याचं काम त्याच्याकडे, त्याचं ह्याच्याकडे. दोष काढायचा तर आधी त्यांचा काढा."

आणि मला पटावं म्हणून त्याने कपाटातून फाइल काढून टेबलावर ठेवली. पोरं आपल्या गोट्या दाखवतात तशी एकेक प्रत दाखवली. आमच्या ऑफिसचं बावीस जानेवारीचं पत्र, खाली माझी सही. प्रदूषणवाल्यांचं मार्चचं. कमळाकरचं एप्रिलचं. सगळ्यांत एकच वाक्य, आपल्या स्तरावर उचित कार्यवाही व्हावी. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ह्यालाही ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून.

"ह्याची झेरॉक्स दे."

"ते मात्र नाय, मॅडम," तो म्हणाला, आणि फाइल मिटायला लागला. सगळ्यात खालचं पत्र तेवढ्यात माझ्या नजरेला पडलं. जिल्ह्याच्या ऑफिसचं. चोवीस मे. सोबत मूळ अर्ज जोडला आहे. कोणाला, ते मी दोनदा वाचलं. आमच्याच ऑफिसला.

म्हणजे अर्ज तीन ऑफिसं फिरून निघाला होता तिथेच परत आला होता. चोवीसला निघालेलं टपाल तीन-चार दिवसांत येतं. रेश्मा त्या टेबलावर बसली तीन जूनला. मी उठले एकतीस मेला.

भावेशने विचारलं, "मॅडम, बरं वाटत नाय का? पाणी देऊ?"

"तुझ्याकडचं पाणी नको," मी म्हटलं आणि बाहेर पडले. वाशिंदपासून शहापूरपर्यंत रिक्षात मी एकच गोष्ट घोकत होते. दुसरं कोणीतरी असेल. साहेबांच्या केबिनमध्ये राहिली असेल. शिपायाने कुठेतरी ठेवली असेल.

५

ऑफिसात पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी होती. रेश्माला म्हटलं, "मे महिन्याचं आवक रजिस्टर काढ."

"मी बघितलं, ताई. करंजवाडी म्हणून, ओहोळ म्हणून, कारखाना म्हणून. मेमध्ये काहीच नाय."

"तसं नको बघू. जिल्ह्याकडून आलेलं बघ, सव्वीसच्या पुढचं."

एकोणतीस मे. अक्षर माझं. पाठवणारा, जिल्ह्याचं ऑफिस. विषय : उचित कार्यवाहीबाबत. एवढंच. असे विषय वर्षाला चारशे येतात. आत काय आहे ते मी लिहिलंच नव्हतं. वरचं पत्र बघायचं, त्याचा विषय उतरवायचा, झालं. शेवटच्या रकान्यात, निपटारा, लिहिलं होतं, दप्तरी दाखल. दप्तरी दाखल म्हणजे प्रकरण संपलं, कागद बांधून अभिलेख कक्षात ठेवा.

रेश्मा माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

राघो शिपायाने अभिलेख कक्षाचं कुलूप काढून दिलं. आत लाल फडक्यांचे गठ्ठे छतापर्यंत लागले होते. मेचे गठ्ठे सहा. पाच गठ्ठ्यांना साध्या गाठी होत्या, राघोच्या हातच्या, तिढा पडलेल्या. सहाव्याला गाठच नव्हती. फितीला दोन पीळ दिलेले आणि टोक उलटं आत खोचलेलं.

मी खाली फरशीवर बसले. रेश्मा म्हणाली, "ताई, ही तर तुमची..."

"हो."

खरं सांगते, तो गठ्ठा मी उघडूच नये असं मला वाटलं. पण मी पीळ सोडवला. वरून चौथी फाइल. टिप्पणीच्या कागदावर तारीख एकतीस मे, आणि खाली माझा शेरा. 'सदर प्रकरण यापूर्वीच संबंधित विभागास अग्रेषित केले आहे. दप्तरी दाखल करण्यास हरकत नाही.' त्याखाली साहेबांची सही. त्या दिवशी हार-तुरे व्हायच्या आधी साहेबांनी चाळीस फायलींवर एका बैठकीत सह्या केल्या होत्या, मी पानं उलटत होते.

शेऱ्यात एक शब्द खोटा नव्हता. अर्ज आम्ही खरंच जानेवारीत पुढे पाठवला होता. आमचं काम झालं होतं. माझं टेबल रिकामं व्हायला हवं होतं, आणि ते झालं. शंभर टक्के.

टिप्पणीच्या मागे दोन रेघांचं पान होतं. शिवणीची कड दातेरी. मी ते वाचलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

रेश्माने दार लोटून घेतलं. हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या टिप्पणीचा कागद आपण काढून टाकू. अर्ज तेवढा सोमवारी देऊ. म्हणू, दुसऱ्या फाइलीत अडकला होता. अर्ज मिळाल्याशी मतलब. तुमचं नाव कशाला?"

पोरीची नोकरी टांगणीला, आणि ती माझ्या नावाची काळजी करत होती. मला तिची माया आली, आणि स्वतःची किळस. कारण पुढची दोन मिनिटं मी तो कागद हातात धरून खरोखर विचार करत होते.

"आणि उद्या वकील विचारेल, इतके महिने कुठे होता, तर? म्हणतील रेश्माने लपवला होता, आता घाबरून काढला. अर्ज खोटा, मागाहून लिहिलेला, असंही म्हणतील. ह्या शेऱ्यावर तारीख आहे, शिक्का आहे. हा शेराच सांगतो की मे महिन्यात अर्ज इथे होता." मी फाइल मिटवली. "राघोला बोलाव. साहेबांनाही. पंचनामा करून काढायची, जशी आहे तशी."

६

सोमवारी भावेशच्या वकिलाने तेच विचारलं. हा कागद अचानक कुठून आला? गिरजा भिंतीशी बसली होती, मांडीवर अंजूची वही घेऊन.

मी उभी राहिले. सांगितलं, "अचानक नाय आला. एकोणतीस मेपासून तिथेच होता. मी बंद केला." आणि मग सगळं सांगितलं, कुठल्या ऑफिसने कुठे पाठवला, कोणत्या तारखेला, आणि शेवटी एकतीस मेला काय केलं. कारखान्याला प्रत्येक पत्राची प्रत गेलीय हेही सांगितलं. प्रांतसाहेबांनी विचारलं, "तुम्ही अर्ज वाचला नव्हता?" मी म्हटलं, "नाय. वरचं पत्र वाचलं."

फाडलेलं पान वहीच्या कडेला लावून बघितलं. दाते दात्यांत बसले. प्रांतसाहेबांनी तिथेच आदेश दिला, ओहोळात एक थेंब सोडायचा नाही, कारखान्याला टाळं, वाडीला त्याच दिवसापासून टँकर. रेश्माची नोटीस गेली. माझ्यावर चौकशी बसली. बसू दे.

भावेशने जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. मला त्याच्यावर चिडावंसं वाटलं, पण वाशिंदला त्याने मला सांगितलेलं एक अक्षर खोटं नव्हतं.

बाहेर जांभळीखाली गिरजा थांबली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. माफी मागायची ठरवून गेले होते.

त्याआधीच तिने विचारलं, "तुमी वाचलाच नव्हता तिचा कागद?"

"नाय गो."

"आन् आता?"

"अजून नाय."

तिने माझ्या हातातल्या अर्जाच्या झेरॉक्सकडे बोट केलं. "मला वाचता येत नाय. तुमी वाचा. मोठ्यांदी."

मी चष्मा लावला. अक्षर गोल होतं, काना-मात्रा जपून दिलेल्या.

"'मा. साहेब, आमच्या ओहोळाचे पाणी लाल येते. हात खाजतात. आमचे पारडू मेले. आई म्हणते विहिरीलापण वास येतो. तुम्ही येऊन बघा. वाडीत गाडी येत नाही, पण बाभळीपासून चालत दहाच मिनिटे लागतात. मी शाळेतून साडेपाचला येते. मी तुम्हाला रस्ता दाखवीन. आपली अंजू, इयत्ता चौथी.'"

गिरजा रडली नाही. वही छातीशी धरून ती जांभळीच्या बुंध्याला टेकून खाली बसली, आणि मलाही हाताने बस म्हणाली. मी बसले.

"परत वाचा," ती म्हणाली.

मी परत पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.